माऊलीचा लॅपटॉप आणि उघडी बाज

वालूरच्या माऊलीचा जीव दोन ठिकाणी अडकलेला. एक येलदरीची राजेश्री आणि दुसरा त्याचा लॅपटॉप. राजेश्री अजून लांब होती, म्हणून सगळी माया लॅपटॉपवर. माऊली लग्नाचं शूटिंग करायचा. आसपासच्या गावांतल्या किती नवऱ्या त्या डब्यातून हसल्या-रडल्या असतील, त्याला गणती नाही. घरी तो लॅपटॉप उशीवर ठेवायचा, प्रवासात चादरीत गुंडाळून मांडीवर घ्यायचा. आई म्हणायची, मला ताप आला तरी एवढं बघत न्हाईस. खरंच होतं ते.

एवढे लाड करूनही उन्हाळ्यात तो लॅपटॉप तापायचा म्हणजे तापायचाच. आतला पंखा असा घोंघावायचा की शेजारची म्हातारी, गिरणी चालू झाली का, म्हणून डोकावायची. मग पडदा काळा. गपगार. माऊलीची समजूत अशी, की हा सगळा उन्हाचा दोष. परभणीचं ऊन माणसाला सोडत नाही, तिथं मशीनची काय कथा!

राजेश्रीचं आणि त्याचं आपसात ठरलं होतं. अडलं होतं तिच्या वडिलांपाशी, माणिकरावांपाशी. ते नाही म्हणत नव्हते आणि हो पण म्हणेनात. 'शूटिंगवाला? बघू,' एवढंच. हे 'बघू' काही संपायचं नाव घेईना. अशात वालूरला माणिकरावांच्या बहिणीच्या, सुमनबाईंच्या घरी लेकीचं लग्न निघालं आणि शूटिंग माऊलीकडं आलं. सकाळचे सगळे विधी कापून-जोडून संध्याकाळी हळदीला मोठ्या पडद्यावर दाखवतो, असं माऊली छातीठोकपणे बोलून बसला. ते थेट माणिकरावांच्या कानावर गेलं. हळदीच्या दिवशी सकाळीच राजेश्रीनं फोन केला, "आबा म्हणायलेत, आज पोराचं काम बघतो. जमलं तर जमलं, न्हाईतर विषय बंद."

सुमनबाई लय हौशी बाई. त्यांनी लॅपटॉपचीच सरबराई सुरू केली. मांडवाच्या सावलीत सुतळीची बाज टाकली. आता आमच्याकडं पाहुण्याला उघड्या बाजेवर बसवणं म्हणजे त्याचा अपमानच. सुतळी रुतती, आणि सोयरे जन्मभर बोलून दाखवतात. म्हणून सुमनबाईंनी ठेवणीतली जाड गोधडी काढली, दुहेरी घातली आणि वर लॅपटॉप मांडला. माऊली खूश! एवढा मान त्याला स्वतःला कुठल्या मांडवात मिळाला नव्हता.

दुपारी त्यानं व्हिडिओ तयार करायला लावला. पडद्यावरची रेघ निम्म्यापर्यंत सरकली, पंखा किंचाळला आणि सगळं बंद. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. बोंबला! मग अख्खा मांडवच कामाला लागला. बायका पदरानं वारा घालू लागल्या. पाण्याचा कूलर पाहुण्यांकडून फिरवून लॅपटॉपकडं केला, तर थेंब बटणांवर उडायला लागले आणि तिकडं घामानं निथळलेले पाहुणे चिडले. कुणी ओलं फडकं घेऊन आलं, त्याला माऊलीनं हात जोडून परत पाठवलं. सुमनबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. मोहऱ्या चुलीत तडतडल्या आणि लॅपटॉप परत बंद पडला. केवढी दृष्ट लागली होती बघा, म्हणून त्या हळहळल्या आणि बिचाऱ्याला खालून चटका बसत असेल असं वाटून त्यांनी गोधडीची आणखी एक घडी त्याच्या बुडाखाली सारली.

तेवढ्यात भर उन्हात येलदरीहून माणिकराव आले. नवरीचे मामा ते! एकच धांदल उडाली. दुसरी बाज आली, तिच्यावर दुसरी गोधडी, तीही दुहेरी, आणि मामांना बसवलं बरोबर माऊलीच्या समोर. माऊली मान वर करीना. मामांनी टोपी काढली, घाम पुसला, इकडं सरकले, तिकडं सरकले. एक मांडी उचलली, मग दुसरी. शेवटी मानपान गेला खड्ड्यात.

"सुमन, काढ ही गोधडी," ते म्हणाले. "बूड भाजायलंय माझं. खालून वारं तर लागू दे."

सुमनबाई नको नको म्हणत राहिल्या, लोक काय म्हणतील म्हणाल्या. मामांनी स्वतःच गोधडी ओढून बाजूला फेकली, सुतळीवर टेकले आणि सुखाचा असा सुस्कारा टाकला की माऊलीची मान आपोआप वर झाली. त्यानं मामांच्या बाजेखालची मोकळी जागा बघितली. मग आपला लॅपटॉप उचलून पालथा केला. पोटाला जाळीच जाळी! वारं आत घ्यायची ती भोकं, आणि त्यांच्यावर रोज उशी, चादर, गोधडी. अरे देवा! लाडाच्या नादात त्यानं लेकराचं नाकच दाबून धरलं होतं.

त्यानं गोधडी ओढली ती पार मांडवाच्या खांबापर्यंत गेली. लॅपटॉप उघड्या सुतळीवर ठेवून निवू दिला आणि पुन्हा लावला. रेघ निम्म्यावर आली. माऊलीनं डोळे गच्च मिटले. पंखा नुसता गुणगुणत राहिला, रेघ टोकाला जाऊन टेकली आणि माऊली भर मांडवात नाचायला लागला. सुमनबाई म्हणाल्या, दृष्ट उतरली. माऊलीनं त्यांच्या पाया पडून तेही कबूल केलं.

हळदीला पडदा झळकला, शिट्ट्या पडल्या, नवरीची आजी स्वतःला बघून लाजली. माणिकरावांनी सगळं शेवटपर्यंत बघितलं. निघताना, येलदरीला येऊन जा, एवढंच म्हणाले.

लग्न उरकल्यावर माऊली इस्त्रीचे पांढरे कपडे घालून येलदरीला गेला. अंगणात बाज टाकलेली होती. उघडी. साधी सतरंजीसुद्धा नाही. माऊलीचं काळीज चर्र झालं. नाही म्हणायचं होतं तर फोनवर म्हणायचं, घरी बोलावून पाणउतारा कशाला? तो बसला. सुतळी रुतली, डोळे भरून आले. दाराआडून राजेश्री खुदुखुदू हसत होती, ते तर त्याला फारच झोंबलं.

माणिकराव बाहेर आले आणि त्याच्या शेजारी त्याच सुतळीवर टेकले.

"तोंड का पाडलंस रे?" ते म्हणाले. "गोधडी पाव्हण्याला टाकत्यात. घरच्या माणसाला कशाला लागतीय?"

परतताना माऊलीच्या पांढऱ्या पॅन्टवर मागच्या बाजूला सुतळीची नक्षी उमटली होती. ती त्यानं झटकली नाही, तशीच वालूरभर मिरवली.