साखळी खाली लावा

माझं लग्न होऊन दुसरं वर्ष चालू होतं, तेव्हाची ही गोष्ट. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. सासर पन्हाळ्याच्या पायथ्याला, माहेर पार शिरोळच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीला लागून. आईला आम्ही अव्वा म्हणायचो, वडिलांना आप्पा. दोन्ही घरी ऊस आणि दोन्ही घरी एकाच ताकदीचा ट्रॅक्टर. आमच्यावरचं संकट या सारखेपणातनंच आलं.

एका लग्नाच्या पंगतीत आप्पा आणि माझे सासरे शेजारी बसले होते. सासरे म्हणाले, "पावणं, तुमचा ट्रॅक्टर काळ्या मातीत वाढलेला. आमच्या माळावर दम धरायचा न्हाई त्यो."

आप्पा हसत म्हणाले, "लावून बघूया की."

एवढंच. पण ऐकणारे दहा-बाराजण होते. जेवण संपायच्या आत ठरलं, चैत्रातल्या आमच्या सासरच्या यात्रेत दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून उभे करायचे, मध्ये साखळी बांधायची, आणि जो दुसऱ्याला चुन्याच्या फक्कीच्या रेघेपलीकडं ओढंल तो जिंकला. तिकडून माझा भाऊ अण्णा चालवणार, इकडून माझे मालक. मी बायकांच्या पंगतीत वाढत होते. माझ्या हातातली आमटीची बादली तशीच राहिली.

घरात दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू झाली. ट्रॅक्टर कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेऊन क्लच नवा घातला. मागचे टायर नवे आणले. कारखान्यावरनं एक जाडजूड साखळी आली, ती दोघांना उचलायला लागायची. माझे दीर या सगळ्याचे कारभारी. माणूस मनाचा चांगला, पण आपल्याला सगळं कळतं असं त्यांना वाटायचं.

आणि या गडबडीत सगळ्यांना आठवलं, की ट्रॅक्टर मला येतो.

भाऊ शाळेला कोल्हापुरात बोर्डिंगात होता, तेव्हा आप्पांनी मला स्टिअरिंगवर बसवलं होतं. उसाच्या फडातनं भरलेली ट्रॉली बाहेर काढायची तर चाकात काय लागतं, साखळी कुठं अडकवायची, हे मी त्यांच्या हाताखाली शिकले होते. लग्नात ही गोष्ट कौतुकानं सांगितली गेली, नंतर कुणी तिचं नाव काढलं नाही. आता सासूबाई चुलीपाशी येऊन बसल्या. त्यांना मी आत्या म्हणायची. "तुझा बाप काय करतोय गं ट्रॅक्टरला? फडातनं तुमची ट्रॉली कशी काय निघती? तुला ठाव असंलच की."

"मला काय आठवत न्हाई, आत्या," मी म्हटलं.

"या घरचं मीठ खाती न्हवं तू?"

त्याच आठवड्यात शेजारच्या घरी माझ्यासाठी फोन आला. अव्वा होती. तब्येत विचारली, पाऊसपाणी विचारलं, मग आवाज बारीक करून म्हणाली, "अण्णा विचारतोय, त्यांनी चाकात पाणी भरलंय का?" शेजारीण तिथंच तांदूळ निवडत बसली होती, तिचे हात थांबले होते. मी "बरी हाय, बरी हाय" म्हणत फोन ठेवला. त्या दिवसापासून शेजारच्या घरी जायलासुद्धा आत्यांनी मनाई केली.

चाकात पाणी हीच आप्पांची युक्ती होती. मागच्या टायरांत पाऊण भाग पाणी भरलं की एका म्हशीचं वजन चाकात येतं, मग चाक जागेवर फिरत नाही. आज सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा आमच्या सासरच्या बाजूला फारसं कुणी करत नव्हतं.

मी ठरवलं होतं, दोन्हीकडं तोंड बंद ठेवायचं. यात्रा जाऊ दे, कुणीतरी हरू दे, पावसाळा येईल, सगळे विसरतील.

यात्रेला चार दिवस होते. मी परड्यात कुरडया घालत होते. बांधावरच्या चिंचेच्या बुंध्याला साखळी बांधून ट्रॅक्टरची ओढ बघायचं चाललं होतं. मालक वर बसले होते. त्यांनी क्लच सोडला, साखळी ताठ झाली, आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीपासून हातभर वर उठली. मग धपकन खाली आली.

दीर ओरडले, "घोड्यागत उठतंय बघा! काय ताकद हाय!" जमलेल्यांनी शिट्ट्या मारल्या.

माझ्या हातातनं सोऱ्या खाली पडला. दिरांनी साखळी मागच्या बाजूला वरच्या जोडाला लावली होती, जिथं नांगराचा वरचा दांडा बसतो तिथं. मी माहेरी असताना एका ओळखीच्या ड्रायव्हरनं चिखलात अडकलेली ट्रॉली अशीच वरनं साखळी लावून ओढली होती. ट्रॅक्टर पुढनं उठला आणि मागं उलटला. माणूस स्टिअरिंगखाली सापडला. आप्पा मला मुद्दाम तिथं घेऊन गेले होते. "बघून ठेव," म्हणाले होते. "साखळी कायम खाली. गर्व केला तरी खाली, घाई असली तरी खाली." मालकांनी लगेच क्लच दाबला, म्हणून नुसतं हातभर उठून भागलं होतं. यात्रेत समोरचा ट्रॅक्टर झटके देणार होता, तिथं क्लच कोण दाबणार?

मालक जेवायला बसले तेव्हा मी म्हटलं, "साखळी खाली लावा. वर लावली तर उलटंल."

त्यांनी घास हातात धरून माझ्याकडं बघितलं. "कुणी सांगितलं?"

"मी बघितलंय. माणूस मेला त्यात."

दीर शेजारच्या पाटावर होते. ते हसायला लागले. "वैनी, खाली लावली की ओढ कमी हुती. पोरगं शाळंतलं बी सांगंल. आप्पांचा निरोप आलाय व्हय?"

मालक हसले नाहीत, पण म्हणाले, "बापाला जिंकवायचं असलं तर तसं सांग. माझ्या मरणाची भीती कशाला घालतीस?"

मला त्या क्षणी जे वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. खरं बोलले होते, आणि खरं बोलल्यामुळंच मी खोटी ठरले होते. गप्प बसले असते तर शहाणी सून. सासऱ्यांकडं गेले, त्यांनी पेपरातनं मान वर केली नाही. आत्या म्हणाल्या, "बाईमाणसानं यात पडू ने." दोन दिवस गेले. चिंचेपाशी रोज ट्रॅक्टर उठत होता, रोज शिट्ट्या होत होत्या, आणि मी स्वयंपाकघरात बसून फक्त चाकं खाली आपटल्याचा आवाज ऐकत होते. आवाज आला की जीव भांड्यात, आणि लगेच पुढच्या आवाजाची वाट.

माझ्यावर विश्वास बसावा असं माझ्याकडं एकच होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मालकांना गोठ्यामागं बोलावलं.

"आप्पा चाकात पाणी भरत्यात," मी म्हटलं. "वॉल्व वर आणायचा, पिन काढायची, पाइप लावायचा. वॉल्वातनं पाणी आलं की बास. भरून बघा. मी खोटं बोलत असलो तर कळंलच. आणि खरं निघालं, तर साखळीचं पण खरं माना."

ते म्हणाले, "हे कुणाला सांगू नको म्हणून आप्पांनी सांगितलं असंल की."

"व्हय."

दुपारपर्यंत दोन्ही चाकं भरली. पहिल्यांदाच चाक जागेवर न फिरता मातीत रुतून बसलं. दिरांनी खाली बसून टायर हातानं ठोकून बघितला. संध्याकाळी मालकांनी स्वतः खाली वाकून साखळी खालच्या आकड्याला लावली, वजनाला मागं ठेवलेली मातीची पोती काढून पुढच्या बाजूला बांधली. आत्यांनी त्या दिवशी माझ्या पानात आधी वाढलं. मी अर्धी भाकरी तशीच ठेवली.

यात्रेच्या दिवशी माळावर माणूस मावत नव्हता. मी बायकांच्यात उभी होते. भावानं मला लांबनं हात केला. शिट्टी झाली, दोन्ही ट्रॅक्टरांचा धूर एक झाला, साखळी थरथरत राहिली. आमची पुढची चाकं खालीच होती, मी दुसरीकडं बघतच नव्हते. मग भावाच्या ट्रॅक्टरची मातीवरची पकड सुटली आणि तो हळूहळू, वीतवीत, मागं रेघेपार आला. पाणी दोन्हीकडं होतं. टायर आमचे नवे होते.

गुलाल उडाला. आप्पा गर्दीतनं पुढं आले. जावयाच्या पाठीवर हात ठेवला. मग हातातली काठी आमच्या मागच्या टायरवर दोनदा वाजवली. भरल्या टायरचा आवाज बद्द येतो. त्यांनी मान वळवून बायकांच्यात मला शोधलं. मी पदर तोंडाशी धरला. आप्पा जेवायला न थांबता गेले.

त्या वर्षी पंचमीला मला न्यायला माहेरचं कुणी आलं नाही. दिवाळीलाही नाही. शेजारचा फोन वाजायचा, माझ्यासाठी नसायचा. सासरी मी आता विश्वासाची झाले होते. पेरणीलासुद्धा विचारायचे. मला त्या विश्वासाचा आनंद होत नव्हता.

संक्रांतीनंतर मी मालकांना सांगितलं, "मी जाऊन येतो." ते नको म्हणाले नाहीत. दोन एसट्या बदलून माहेरी पोचले. आप्पा अंगणात विळ्याला धार लावत होते.

मी उभ्या उभ्याच म्हटलं, "त्यांनी साखळी वर लावली हुती. मी सांगितलं, तर म्हणाले बापाची शिकवणी. पाण्याचं सांगितल्यावर मग ऐकलं."

आप्पांचा हात थांबला. "वर? नांगराच्या जोडाला?"

"व्हय."

त्यांनी विळा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मला कळवायचं की. मी शर्यत मोडली असती."

"कशी कळवू? फोनला सुद्धा जाऊ देत न्हवते. आणि अव्वानं फोन केला, तर तिनं बी चाकाचंच विचारलं."

अव्वा दारात आली होती. ती आत निघून गेली. आप्पा उठले, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "बस. भाकरी खा."

पाण्याबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत, चांगलं नाही, वाईट नाही. भावाला मात्र मला माफ करायला वेळ लागला. तीन-चार वर्षं तो माझ्याशी पाहुणीशी बोलावं तसं बोलायचा. मालक अजून कधीतरी चारचौघांत त्या यात्रेचं सांगतात. साखळी खाली लावायचं त्यांना स्वतःलाच सुचलं, असं सांगतात. मी चहा देते आणि आत जाते.