पाहुण्यांनी ढकललेली गाडी

इंजिनाचं काम करायचं तर गाडीच्या किमतीएवढा खर्च येईल, असं मेस्त्रीनं सांगितल्यापासून माझं काही ठरत नव्हतं. अशातच मुलीला बघायला इंदापूरचे पाहुणे आले. निघताना, "गाडी टकाटक हाय, स्टँडवर सोडतो," म्हणून मीच हट्ट धरला. जळोचीजवळ ती बंद पडली. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले मुलाचे वडील मुकाट्यानं उतरून ढकलू लागले. मी स्टेअरिंगवर बसून आरशात त्यांचं घामेजलेलं तोंड बघत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी सुरू झाल्यावर ते म्हणाले, "आवो, आमची बी अशीच हाय."

घरी येताच मेस्त्रीला फोन केला, "काम नको, भंगारात घाल."

लग्न जमलं. तरी व्याही घरी आले, की माझी मान खालीच राहते.