जून घास, कोवळा घास

त्या तबेल्याची आठवण निघाली की अजूनही माझ्या तोंडाची चव जाते.

शेतकीची पदविका घेऊन मी देशावरून आलो आणि पनवेलजवळ खांदेश्वरच्या तळ्यापलीकडे एका तबेल्यावर नोकरीला लागलो. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. आजूबाजूच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या होत्या, पण इमारती अजून उठायच्या होत्या. विहिरीलगतच्या तुकड्यात म्हशींसाठी लसूणघास पिकवायचा, हे माझं काम. नाव लसणाचं, पण पाला मेथीसारखा, फूल जांभळं आणि दुधाला एकदम चांगला.

मी दोन वाणांचे वाफे केले. एक गुजरातेतून आणलेलं बी. ते झपाझप वाढायचं, उंच, जाड दांड्याचं, वर्षभरात संपणारं. दुसरं आमच्याकडचं, बुटकं. पण काडी बारीक, पाला भरगच्च आणि तीनेक वर्षं टिकणारं. मालक बघायला आला आणि पानाची पिचकारी त्याने नेमकी बुटक्या घासावर टाकली.

"हे काय लावलंय? भारा कसा मोठा दिसला पायजे!"

घास कापायला शेजारच्या गावातली एक आगरी मावशी यायची. पन्नाशीची असेल. शेंड्यांना तुरळक फुलं दिसू लागली की ती विळा परजायची. "फुला आली की कापाचा. आजून ठेवशीन त लाकरा व्हतील," ती म्हणायची. माझ्या पुस्तकातही तेच होतं: पहिली फुलं दिसली की पाला आणि वजन, दोन्ही पदरात पडतात.

मालकाने मात्र कापू दिला नाही. "वाढू दे. वजन भरेल."

वजन भरलं, ते दांड्यांचं. खालचा पाला पिवळा पडून गळून गेला. उंच वाणाचे दांडे तर बोटाएवढे झाले. म्हशी शेंडे ओरबाडायच्या आणि दांडे तुडवायच्या. ते शेणामुतात कुजायचे, गटार तुंबायचं, त्यात पांढऱ्या अळ्या वळवळायच्या. मालक त्या चिखलात उभा राहून पान चघळत मला शिव्या द्यायचा. दूध आटलं होतं.

मग त्याचं डोकं उलटं फिरलं. "आता कोवळा काप. दर पंधरा दिवसांनी काप!"

मी सांगून बघितलं, की इतक्या लवकर कापला तर मुळांत जोर राहत नाही, आणि कोवळा ओला घास उपाशी पोटी जनावराला फुगवतो. तो हसला. "पुस्तकं मला शिकवू नको."

तशा दोन कापण्या निभावल्या. तिसऱ्या वेळी सकाळीच दवात भिजलेला घास कापला. मावशी म्हणाली, "शेठ, आधी पेंढा घाला." त्याने तिच्या हातातली पाटी ओढून घेतली आणि स्वतः गव्हाणीत ओतली. मग दुसरी. मग तिसरी.

तासाभरात सगळ्यात दुभत्या म्हशीची डावी कूस ढोलासारखी ताणली. ती जीभ बाहेर काढून धापा टाकू लागली. आम्ही तेल पाजलं. पनवेलहून डॉक्टर येईपर्यंत ती आडवी होऊन मेली होती. तोंडातून हिरवा फेस वाहत होता, आणि त्या फेसावर माश्या बसायलाही लागल्या होत्या.

डॉक्टरांनी विचारलं, काय घातलं होतं?

"या बाईने कालचा सडका घास घातला," मालक म्हणाला. नजर जरासुद्धा हलली नाही. मग माझ्याकडे वळून, "वहीत लिही तसं."

कापणीची वही माझ्याकडेच असायची. मावशी माझ्याकडे बघत होती. मी लिहिलं. वळणदार अक्षरात, तारखेसकट. तिला त्याच दिवशी काढलं.

मालकाची किळस मला रोजच यायची. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हाताची आली. आठवडाभरात मी नोकरी सोडली. बुटक्या वाणाचे वाफेही सारखे खुडून तोवर विरळ झाले होते, मधून हरळी वर आली होती.

गाव सोडण्याआधी मी तिच्या घरी गेलो. ती ओट्यावर सुकट निवडत होती. मी म्हणालो, "मावशी, मी खोटं लिहिलं. चूक झाली."

तिने मान वर केली नाही. "मना काय सांगतस? मना ठावं हाय. त्या डाक्तरला जाऊन सांग."

पनवेलला डॉक्टरांचा दवाखाना माझ्या वाटेवरच होता. दार उघडं होतं, ते आत बसलेले दिसत होते. मी एस.टी. स्टँडकडे चालत राहिलो.