परिपाठातल्या टाळ्या

मंडळी, शाळेतून धुळ्याला घरी आले, पण चित्त थाऱ्यावर नाही. मुलीचं नाव-गाव लिहीत नाही, माझी चूक तेवढी लिहिते.

गेल्या आठवड्यात माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलीने चित्रांची वही, रंगपेटी, सगळं मैत्रिणींना देऊन टाकलं. मी परिपाठात तिचं कौतुक केलं. टाळ्याही वाजवायला लावल्या.

आज शाळेत आरोग्य तपासणी होती. तपासणीला आलेल्या सिस्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तिला झोपच लागत नाही. तिला रोज रिक्षाने नेणारे आबा तिथेच उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, आठ दिनपाईन ती पोर बोलतच नही."

आम्हा तिघांनाही काहीतरी दिसलं होतं; आवडीच्या वस्तू वाटून टाकणं ही निरोपाची खूण असू शकते, हे मला आत्ता उमगलं. एकमेकांना सांगितलं ते आज.

मी तिला जवळ बसवून सरळ विचारलं, "जगू नये असं वाटतं का गं?" ती हो म्हणाली आणि खूप रडली. आईला बोलावलं. सिस्टर दोघींना समुपदेशकाकडे घेऊन निघाल्या, आबांच्याच रिक्षातून.

रिक्षात बसताना ती म्हणाली, "मॅडम, टाळ्या वाजल्या तेव्हा वाटलं, आता कुणी विचारणारच नाही."

शिक्षक मित्रांनो, तुमच्या मुलांना आणणाऱ्या रिक्षावाल्याशी तुम्ही शेवटचं कधी बोललात?