बाहेरचे सर

मालेगावहून जऊळक्याला जायची घाई असली, तर दिगांबरभाऊंच्या जीपमध्ये जाणतं माणूस बसत नसे. भाऊंना प्रत्येक खड्डा नावानिशी ठाऊक. तो दिसला की गाडी जवळजवळ थांबायची, भाऊ खिडकीतून मान बाहेर काढून त्याचा अंदाज घ्यायचे आणि मागच्यांना बजावायचे, "हं, आला. बूड सांभाळा!" मग एकेक चाक असं हळुवार उतरायचं, जणू खाली कुणी झोपलंय. तेवढ्यात मागून आलेला सायकलवाला पुढे निघून जायचा.

जऊळक्याच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी मी नेमकी याच गाडीत सापडले. शेवटी न राहवून म्हणाले, "भाऊ, जरा जोरात घ्या ना."

"मॅडम, घाई असन तं मागून दुसरी गाडी येऊन राह्यली. तिच्यात बसा," भाऊ म्हणाले. रागाने नाही, अगदी आग्रहाने. मी पहिल्याच दिवशी उशिरा पोचले.

हाच माणूस एकेकाळी एसटीला मागे टाकण्याबद्दल प्रसिद्ध होता, हे मला पुढे कळलं. त्यांची मुलगी स्वरा नऊ महिन्यांची असताना झबलं घालता घालता तिचा हात मोडला. महिन्याभरात पाय मोडला. नातेवाइकांनी उज्ज्वलावहिनींना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, बोल लावला. पोरगी आपटली असणार, सांगत नाही, असं कुजबुजले. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं, की हा हाडं काचेसारखी ठिसूळ राहण्याचा आजार आहे, हजारोंत एखाद्याला होणारा, आणि यात आईची काही चूक नाही. भाऊंनी तो कागद जीपच्या समोरच्या काचेला आतून चिकटवला आणि वर्षभर तसाच ठेवला. कुजबुजणारे त्याच गाडीने बाजाराला जात होते.

आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव भाऊंना कधी म्हणता आलं नाही. पण त्यातलं बाकी सगळं त्यांनी पाठ केलं आणि गावालाही करायला लावलं. स्वराला काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात ढुंगणाखाली, दुसरा पाठीखाली, बोटं पसरून, थापलेली भाकर तव्यावर टाकायला उचलतो तशी उचलायची. ती शाळेत यायच्या आधी भाऊ एक मोठं कोहळं घेऊन माझ्याकडे आले.

"उचला मॅडम."

मी उचललं.

"मेलं कोहळं," भाऊ शांतपणे म्हणाले. "बोटं काहून रुतवून राह्यल्या? पुन्हा उचला."

तिसऱ्या खेपेला मी पास झाले. आमचे मुख्याध्यापक पाचव्या खेपेला झाले. त्या कोहळ्याची भाजी भाऊंनीच डब्यात भरून आणून दिली.

दर तीन महिन्यांनी स्वराला अकोल्याला नेऊन हाडांत बळ भरणारं सलाईन लावावं लागे. तिच्या शिरा सापडत नसत, दोन-तीनदा टोचावं लागे. वहिनी तिला समजवायच्या, "काही दुखत नाही, बाई." भाऊंना ते पटत नसे. "खोटं कायले सांगतं तिले? दुखते म्हनून सांग. किती दुखते थेही सांग." त्यांनी त्याची मापंच ठरवली होती: मुंगीएवढं, गांधीलमाशीएवढं आणि विंचवाएवढं.

एकदा वहिनी तापाने पडल्या होत्या, म्हणून सुट्टीत मी भाऊ आणि स्वरासोबत अकोल्याला गेले. पाच वर्षांच्या स्वराने तिथे अडचणीचा प्रश्न टाकला, "बाबा, तुमाले कोनी टोचलं नाही. मंग तुमाले कसं मालूम?"

 भाऊ उठले, रक्त तपासायच्या खिडकीशी गेले आणि साखर तपासायची आहे म्हणून बाही वर करून बसले. सुई हातात टोचली मात्र, एवढा मिशाळ, धिप्पाड माणूस खुर्चीवरून घरंगळला. नर्सने त्यांना पलंगावर निजवून पाय वर केले. स्वरा माझ्या मांडीवरून गंभीरपणे म्हणाली, "सिस्टर, आधी बाबाचंच करा. मी थांबतो." शुद्धीवर आल्यावर भाऊंनी पहिला शब्द काढला तो कबुलीचा. "गांधीलमाशीएवढं हाय, बेटा." मग स्वराची पाळी आली. ओठ गच्च मिटून तिने दोनदा टोचून घेतलं आणि मग बापाकडे पाहून म्हणाली, "मुंगीएवढंच तं हाय."

पुढच्या जूनमध्ये ती माझ्या वर्गात आली आणि भाऊ व्हरांड्यात आले. जीप मेहुण्याच्या हवाली करून ते रोज खिडकीखाली बसून राहायचे. शाळा सुटेपर्यंत. मी पाढा विचारला की बाहेरून दबका आवाज यायचा, "बेचोक आठ." कविता त्यांना पोरांच्या आधी पाठ झाली. मुलं त्यांना 'बाहेरचे सर' म्हणू लागली. पोरं जरा धावली की बाहेरचे सर खिडकीतून डोळे वटारत, म्हणून स्वराच्या आसपास कुणी खेळतच नसे. हे मला दिसत होतं. बोलायचा धीर होत नव्हता.

ऑगस्टमधल्या एका दुपारी स्वराच्या हातून खडूचा डबा पडला. तो उचलायला ती वाकली आणि बाकावरून घसरली. आवाज बारीकच झाला, पण मला अजून ऐकू येतो. भाऊ खिडकीतूनच आत आले असावेत, कारण दारातून आलेले मी पाहिले नाहीत. त्यांनी तिला हलवलं नाही. शेजारी बसून विचारलं, "किती?"

"इंचू," ती म्हणाली.

भाऊंनी पिशवीतून पुठ्ठ्याच्या पट्ट्या नि फडकी काढली आणि नडगी बांधली. हात जरासुद्धा कापला नाही.  वर्गातली सगळी पोरं रडत होती.

दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. आता पोरगी शाळेतून काढणार, हे गृहीत धरूनच गेले होते. "भाऊ, माझं लक्ष नव्हतं," मी म्हणाले.

"माह्यं तं होतं ना," भाऊ म्हणाले. "चार हातावर बसलो होतो. तरी मोडलाच." त्यांनी प्लास्टरखालची उशी नीट केली. "मॅडम, तिले तिथं पडली याचं काही नाही वाटलं. पोरं तिच्यासाठी रडली, हेच सांगून राह्यली सगळ्याइले."

सहा आठवड्यांनी भाऊ तिला घेऊन आले. बाकावर बसवलं, पायाखाली उशी सरकवली. मी सवयीने व्हरांड्यातली सतरंजी त्यांच्यासाठी झटकली.

"राहू द्या," ते म्हणाले. "मी जातो. काही झालं तं फोन करजा."

आणि खरंच गेले. फाटकापाशी थबकले, चप्पल उगीचच नीट केली, पण मागे वळले नाहीत.

स्वरा मान उंचावून खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, आता रडते.

"मॅडम, बाबा गेले?"

"गेले गं."

"पक्के गेले?"

"पक्के."

तिने शेजारच्या मुलीला कोपराने ढोसलं. "चल आता. तुह्या सागरगोट्या काढ."