वहिनीचा पायगुण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढं हात जोडूनही नाही — आणि देवाला ठाऊक असेल, तर तोही गप्पच बसलाय. तुला सांगते, कारण तू मला मध्येच थांबवणार नाहीस.

अकरा वर्षं झाली. मी चोवीसची, लायसन्स हातात येऊन आठ दिवस झालेले. दादाचं लग्न आणि दादाची पहिली गाडी, दोन्ही एकाच महिन्यात घरात आली. वहिनी अर्धापूरची. मांडवपरतणीला माहेरी गेली होती, तिला नांदेडला परत आणायचं होतं, आणि दादाला नेमकी रजा मिळेना. मी जाते म्हणाले. हुरळली मेंढी, असं आई म्हणालीच. पण किल्ली दिली.

परत येताना सकाळ होती. दोन्हीकडं केळीच्या बागा, त्यांच्यावर धुकं, आणि त्या धुक्यात ऊन नुकतं शिरायला लागलेलं. रस्ता मोकळा. गाडीला चाकं आहेत हेच विसरायला होत होतं. वहिनी शेजारी बसली होती — हातात हिरवा चुडा, मांडीवर शिदोरीचा डबा — आणि काचेवर आतून धरलेल्या वाफेत बोटानं काहीतरी काढत होती. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, नंतरही नाही. मग मी... कसं सांगू? थांब, सांगते.

आपटलो ते केळ्यांच्या ढिगाला. घड कापून, रस्त्याकडेला पानांवर रचून ठेवलेले, ट्रकची वाट बघत. तिथं माणूस नव्हता, नशीब. दिवा फुटला, बंपर आत गेला. बागवाला धावत आला, त्यानं घडांकडं बघितलंसुद्धा नाही. "लागलं का गं बाई कुठं?" हेच पुन्हा पुन्हा विचारत होता.

घरी आल्यावर मी सांगितलं, म्हैस आडवी आली. आईनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि वहिनीकडं बघून म्हणाली, "पहिल्याच खेपेला गाडी फुटली. पायगुण, दुसरं काय."

म्हैस नव्हती. मी डोळे मिटले होते. डुलकी नव्हे, चक्कर नव्हे — मुद्दाम. तीन मोजेपर्यंत मिटून बघावेत, कसं वाटतं ते. छान वाटलं. आता खोटं कशाला बोलू? दोनपर्यंत पोचले होते.

आणि वहिनीनं ते पाहिलं होतं. धक्का बसायच्या आधीच तिचा हात माझ्या दंडावर आला होता. आई बोलली तेव्हा तिनं एकदाच माझ्याकडं पाहिलं. मी फुटक्या दिव्याकडं पाहत राहिले. एक वाक्य पुरलं असतं ना? आईनं फार तर किल्ली काढून घेतली असती. मला किल्ली हवी होती. एवढंच होतं ते.

मग तो शब्द घरात राहायलाच आला. बोअरला पाणी लागलं नाही — पायगुण. दादाची बदली लातूरला झाली — पायगुण. माझ्या साखरपुड्याला पाहुणे दारात आले, तेव्हा आईनं वहिनीला स्वयंपाकघरात थांबवलं, पुऱ्या तळायला कुणीतरी हवं म्हणून. पुऱ्या केव्हाच तळून झाल्या होत्या. मी नटून बसले होते, आणि मला ते कळत होतं.

आई जाऊन तीन वर्षं झाली. परवा दादानं नवी गाडी आणली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ आणला. बोलणारं आता कुणी उरलं नव्हतं. तरी वहिनीनं ताट तयार केलं, निरांजन लावलं, अन् ते माझ्या हातात दिलं.

"तुमीच ओवाळा ताई. मी हाय आत," म्हणाली आणि गेली. रुसवा नाही, डोळ्यांत पाणी नाही. सवय झालेली.

मी तिला हाक मारली नाही. पुढं झाले आणि गाडीला ओवाळलं.