वाळूच्या टेकाडाची पाठ

पोरी, अशी जवळ ये, कागदातून का होईना. दोन दिवाळ्या माहेरच्या उंबऱ्याला शिवली नाहीस आणि एसटीडीवरून तेवढं "काकू, बरी हायेस ना?" विचारतेस! बरी हाय. पण तुझ्या भावाचं शहाणपण कानावर आलं का?

सिंदफणेच्या काठाला, गायरानात ते वाळूचं टेकाड, ज्यावरून तू घसरत खेळायचीस, त्याचीच गोष्ट. तुझे आजोबा, म्हणजे माझे सासरे, कडब्याची गंजी रचायच्या आधी त्या टेकाडाला फेरी मारून यायचे. मावळतीकडून ते सावकाश चढतं, उगवतीकडून तुटल्यासारखं उतरतं. "वारा चढतो निवांत, आन् पडतो धपकन," असं म्हणायचे. मग गंजीचं निमुळतं तोंड मावळतीला. त्यांची गंजी कधी उडाली नाही. अक्षरं मी फार उशिरा शिकले, टेकाड वाचायला त्याआधी.

तुझा भाऊ शिकलेला. गावात डिश अँटेना आल्या तशी त्याला हुक्की आली, टेकाडाच्या उगवतीला कोंबड्यांची शेड पाहिजे! तुझ्या मायनं दुभती म्हैस विकून पत्रे आणून दिले. आणि जाळी कोणत्या अंगाला लावायची, ते साहेबांनी दिवाळीत ठरवलं. कसं? रुमाल वर धरून! रुमाल मावळतीकडं फडफडला.

"काकू, वारा उगवतीचा हाय. तिकडं भिंत, जाळी मावळतीला."

"आरं, दिवाळीचा वारा पाव्हणा आसतो. टेकाडाला इचार."

"वाळूला काय कळतंय?"

"तुझ्यापेक्षा लई."

हसला. कोब्याला वाळू लागली, तीही त्याच टेकाडाच्या मावळतीच्या अंगानं काढली. ट्रॅक्टर लावून गवताचं कातडं सोललं.

कापलेल्या कडेला मी जाऊन उभी राहिले, तर आत भाकरींच्या चवडीसारखे थर. पांढरी वाळू, मग काळपट माती, तीत मुळ्यांचे केस, पुन्हा वाळू. पाऊस धड झाला त्या साली गवतानं पांघरूण घातलं, ती काळी पट्टी. पाऊस रुसला, गवत गेलं, नदी कोरडी पडली, वाऱ्यानं वाळू आणून टाकली, ती पांढरी. वाळूतल्या बारीक रेघा तळापासून उगवतीकडंच उतरलेल्या. म्हणजे आजोबांच्याही आधीपासून मोठा वारा मावळतीचाच. एवढं सगळं हाताखाली, आणि हा म्हणतो, "काकू, ट्रॅक्टरला आडवी हुभी ऱ्हाऊ नको."

वैशाख सरता सरता वारा सुटला. सोललेल्या टेकाडाची वाळू उठली ती सरळ जाळीतून आत. तुझी माय पदरानं पिल्लांचे डोळे पुसत बसली होती. अर्ध्याहून जास्त गेली. आणि तुझा भाऊ? रेडिओवर हवामान ऐकत होता! "ह्यात काय सांगितलंच न्हाई," म्हणाला. सांगेल बिचारा, आमच्या गायरानाची बातमी रेडिओ!

एवढ्यावर थांबेल तर तो तुझा भाऊ कसला? आता म्हणतो, उरलेलं टेकाडही सपाट करतो, म्हणजे वाळू उडायचीच न्हाई. अरे, वाळू येते नदीतून. टेकाडावरचं गवत तिला धरून ठेवतं. ते गेलं की शेडच काय, चुलीतही वाळू. पण माझं बोलणं म्हणजे म्हातारीचं चऱ्हाट, आणि तुझी माय त्याला भिते. तुला मात्र तो वचकून असतो, लहानपणी त्याच टेकाडावर तू त्याला दोनदा लोळवलं होतंस.

पाटोद्याचा बाजार झाला की ट्रॅक्टर येणार आहे. त्याच्या आधी ये बाई. लेकरांनाही आण, घसरायला अर्धं टेकाड उरलंय अजून.